सुपातली न वाचलेली चिठ्ठी

हे लिहायला बसले आणि आधी उठून दार लावून आले. घरात फक्त आई आहे. खरं तर तिलाच हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. तिला नाही सांगितलं, पाद्रीसाहेबांना नाही, कुणालाच नाही. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीच्या कडेकडेनं जात राहिले.

लोक मला चांगली मुलगी म्हणतात. मी कमी बोलते म्हणून. कमी बोलणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय, कोण बघायला जातं?

गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि बाबांची बदली तिकडे झाली. ते शनिवारी यायचे. आठवडाभर आई माझी एकटीची. मी नववीत होते, इंग्रजी शाळेत. आई माझ्याशी नेहमी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची — 'तुला भूक लागली आहे का', असं. मला वाटायचं, तिची भाषाच ती.

मग जुलैत कृपा आली. त्यांचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं. नव्या वसाहतीतून ती आणि तिचे आईवडील रविवारी आमच्या चर्चला यायचे. तिच्या आईला उपचारासाठी नागपूरला ठेवावं लागलं, वडील सोबत गेले. मंडळीतल्या बायकांनी काळजी वाटून घेतली. कुणी नागपूरला डबा पोचवायचं बघितलं, कुणी त्यांच्या शेळ्या सांभाळल्या. कृपाला आई घरी घेऊन आली. माझ्याच वयाची होती ती.

पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "काहून वं, जेवत नाही? लाजून राहिली का मले?"

मी पुस्तकातून मान वर केली. हे कोण बोललं?

आई. लाखांदूरकडची माझी आई, जिनं मला शाळेत घातल्यावर आपली बोली माझ्यासमोर बंद करून टाकली होती. कृपा आली आणि ती पुन्हा उघडली. दोघी तांदूळ निवडत बसायच्या, आई माहेरच्या तळ्यातल्या शिंगाड्यांच्या गोष्टी सांगायची — मला कधीच न सांगितलेल्या — आणि पदर तोंडाला लावून हसायची. मी आत जाऊन बसले की दोघी गप्प व्हायच्या असं नाही. पण आई लगेच स्वच्छ बोलायला लागायची. मग मीच उठून जायचे. पाच महिने मी बाजूच्या खोलीतून माझ्याच आईचं हसणं ऐकलं. वेणी तिची आधी, माझी नंतर — हे मी मोजत होते. कशाकशाचा हेवा करावा माणसानं?

नोव्हेंबरात सुगीचा रविवार आला. आमचं अँग्लिकन चर्च लहान, पण त्या दिवशी वेदीपुढे धानाच्या पेंढ्या, कोहळी, वांगी, एखादी पाय बांधलेली कोंबडी — चालायला जागा उरत नाही. आमच्याकडे एक रीत आहे. वर्षभरात ज्यानं हात दिला त्याचे आभार चिठ्ठीवर लिहून तांदळाच्या सुपात ठेवायचे. एक जण सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतो. ज्याचे आभार, तो जागेवर उभा राहतो आणि मंडळी त्याच्यासाठी गीताची एक ओळ म्हणते. बस, एवढंच. पण लोक त्या ओळीसाठी वर्षभर थांबतात. आई कधीच उभी राहिली नव्हती. त्या वर्षी ती हिरवी साडी नेसून पुढच्या बाकावर बसली होती.

वाचायला पाद्रीसाहेबांनी मला उभं केलं.

सातवी की आठवी चिठ्ठी कृपाची होती. अक्षर ओळखलं. 'मी इथं आली तं मले वाटे, पराया घरी कशी राहीन. माही माय दवाखान्यात होती, पर मावशीनं मले बिनामायची वाटूच नाही देलं. देवबापा, मावशीले सुखी ठेव.'

मी ती मनात वाचली. घडी घातली. गीतांच्या पुस्तकात सरकवली आणि पुढची उचलली. किती वेळ लागला असेल — एक श्वास? त्यानंतर प्रत्येक चिठ्ठीच्या सुरुवातीला आई निऱ्या सावरत होती. मला वरून सगळं दिसत होतं. मी वाचत राहिले. सूप रिकामं झालं.

जेवणाच्या पंगतीत एक बाई आईला म्हणाल्या, "पाच महिने लेकीवानी ठेवलं, अन् दोन ओळी नाही लिहिल्या पोरीनं?" आई म्हणाली, "लेकरू आहे. राहून गेलं असन." कृपा शेजारीच वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

इथपर्यंत कदाचित तुम्ही मला समजून घ्याल. पण थांबा — कबूल करायचं ते पुढेच आहे.

भांडी घासताना हापशावर तिनं हळूच विचारलं, "माही चिठ्ठी नाही सापडली का?" 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. मी म्हणाले, "सापडली. पण असलं गावठी मराठी चर्चमध्ये वाचत नाहीत. आईलाही ते आवडत नाही, तुझ्यासाठी ती चालवून घेते."

तिच्या हातातलं ताट थांबलं. मग ती पुन्हा घासू लागली. चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या बंबात घातली.

त्या रात्रीपासून कृपा आईशी माझ्यासारखं बोलू लागली. 'मला भूक नाही, मावशी. तुम्ही जेवा.' चुकत, अडखळत, शब्द शोधत. आईनं दोन-तीन दिवस तिच्याच बोलीत चिडवून पाहिलं, कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग तीही स्वच्छ बोलू लागली. स्वयंपाकघर शांत झालं. मला हवं होतं तसं. नाताळच्या आधी तिची आई बरी होऊन आली आणि कृपा वसाहतीत परत गेली.

इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, कृपा स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. खुर्चीच्या टोकावर बसली. "मावशी, तुम्ही नक्की या," म्हणाली. आई म्हणाली, "हो, नक्की येऊ आम्ही." दोघी किती नीट बोलत होत्या. मी चहा दिला. कृपानं कप घेताना मला "थँक्यू" म्हटलं, आणि मी हसले.