उष्टी नवरी

कापडाची बाहुली माणसाएवढी केली की लोक तिला माणसासारखं वागवत नाहीत आणि बाहुलीसारखंही वागवत नाहीत. टॉवेलसारखं वागवतात. दहा-बारा वर्षं एक नवरा आणि एक नवरी धुतल्यावर मला एवढं ज्ञान झालं.

ही जोडी लग्नाच्या हॉलच्या दारात उभी करायची. नवरा साडेपाच फूट, नवरी त्याच्या खांद्याला. अंगाला फरचं कापड, लव अशी की हात फिरवला तर मांजर वाटावं. आत कापूस, पाठीला बांबू, खाली लाकडी पाट. बदलापूरच्या हॉलमध्ये नवरीला हिरवा शालू आणि मुंडावळ्या, उल्हासनगरला लाल घागरा आणि नवऱ्याच्या तोंडावर सेहरा, आणि आमच्या बौद्ध लोकांच्या लग्नात दोघांना पांढरं, नवरीचं कपाळ मोकळं. कपडे बदलायचे, अंग तेच.

ती मला मिळाली उल्हासनगरला. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. अंबरनाथच्या आमच्या खोलीत मी ब्लाउज शिवायचे आणि अस्तर आणायला एका सिंधी शेठच्या दुकानात जायचे. त्याने ही जोडी शोसाठी आणली होती. वरचा पत्रा गळून ती भिजली, मग मागच्या बाजूला पडून तिला वास सुटला. मी बघतेय हे शेठने बघितलं.

"पसंद है तो बोलो, बाई."

मी किंमत विचारली नाही. पदर नाकाला लावला. "शेठ, इसके अंदर कुछ मरा है क्या?"

"मरा तेरा दुश्मन! बम्बई का माल है."

"होगा. अभी उंदीर का मकान है. उठाके ले जाने का मेरे को क्या देंगे?"

"मैं दूँ? अरे, तू तो एक दिन मेरे को भी दुकान के साथ बेच देगी!"

त्याने कपाळाला हात लावला, मी दोनदा दुकानाबाहेर जाऊन आले, त्याने अस्तराचा गठ्ठा आपटला. शेवटी रिक्षाला लागतील तेवढ्या पैशांत जोडी दिली आणि मी नवरीचे दोन टोप वर उचलले. टोप म्हणजे नायलॉनचे केस शिवलेली जाळीची टोपी. शेठ ओरडत राहिला, पण "हो" म्हटल्यावर त्याने एक केससुद्धा मागे घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे शिकल्या-सवरलेल्यांशी सौदा झाला तेव्हा मला त्या ओरडणाऱ्या माणसाची किंमत कळली.

बाहुली धुणं म्हणजे बादलीत बुचकळणं नव्हे. तसं केलं तर कापसाचे गोळे होतात आणि नवरीला पोट सुटतं. पाठीची शिवण उसवायची, कापूस काढून उन्हात टाकायचा, वर्षातून एकदा पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा. कातडं रिठ्याच्या पाण्यात दाबून धुवायचं, पिळायचं नाही, सावलीत पसरायचं आणि अर्धं ओलं असताना दातांच्या जुन्या ब्रशने लव एका दिशेला उठवायची. टोपाला गरम पाणी दाखवायचं नाही, केसांच्या शेवया होतात. थंड पाण्यात धुवायचा, उलट्या हंड्यावर वाळत घालायचा, टोकापासून वर विंचरत यायचं. मुळापासून विंचरणाऱ्या बाईच्या हातात टक्कल येतं. मला हे कुणी शिकवलं नाही. पहिला टोप मीच उकळत्या पाण्यात घालून बसले होते.

आणि एवढं करून दारात उभं करायचं कोणासाठी? वऱ्हाडी मंडळींसाठी. लहान मुलं नाक पुसायची, त्यांचं मी सोडून देते. मोठी माणसं काय करायची ते सांगते. पुरुष नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे आणि जाताना त्याच्याच जाकिटाला मसालेभाताचे हात पुसायचे. बायका नवरीच्या तोंडाला पेढा लावायच्या, "घे गं बाई, घास घे," आणि आपल्या विनोदावर आपणच हसायच्या. तुपाचा डाग तिच्या हनुवटीवर, पेढा त्यांच्या पोटात. चामटोलीच्या एका म्हातारीने तर टोपाला वाटीभर खोबरेल चोळलं. का, तर "पोरीचं केस कसं कोरडं पडल्यात." मी दोन दिवस बेसन चोळत होते. त्यातल्या त्यात त्या म्हातारीचा मला कमी राग आला. तिला निदान पोर वाटली.

सगळ्यात वाईट म्हणजे हळदकुंकू. कितीही मोठी पाटी लावा, एखादी मावशी पुढे यायचीच आणि नवरीच्या कपाळावर बोट टेकवायचीच. एकीने केलं की मागे रांग. मी दारात उभी राहून ओरडायचे, "अहो, ती खोटी आहे!" मग त्या माझ्याकडे असं बघायच्या, जणू मीच अपशकुनी. "राहू द्या हो, लक्ष्मीच की." लक्ष्मी, मग घरी नेऊन धुवा की लक्ष्मीला!

भाचीचं लग्न ठरलं ते मे महिन्यात. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा कारखान्यात सुपरवायझर, वहिनी एका ऑफिसात, राहायला क्वार्टर. मी एकदाच म्हणाले, "हॉलच्या दारात माझी जोडी उभी राहील. आत्याकडून." भाची टाळ्या पिटायला लागली. वहिनी पोह्यांवर खोबरं घालत होती. ती खोबरं घालतच राहिली.

"ताई, राग मानू नका हं. पण ती नवरी इतक्या ठिकाणी उभी राहिलेली. कोण कोण हात लावतं. उष्टीच म्हणायची की नाही? आणि आमचे साहेबलोक येणार."

माझी आई लहानपणी गावात दुसऱ्यांच्या दारात भाकरीसाठी उभी राहिलेली. घरातल्यांचं जेवण झाल्यावर जे राहील ते वरून टाकायचे. धर्म बदलला तेव्हा आईने देव्हाऱ्याबरोबर हा शब्दही घराबाहेर काढला. आमच्या घरात ताटात राहिलेल्याला "उरलेलं" म्हणायचे. मुलाने अर्धी भाकर टाकली तर ती उरलेली भाकर. चुकून कोणी दुसरा शब्द वापरला तर आई हातातलं उलथनं दाखवायची. दादाने ते उलथनं माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं होतं. तो आता पेपर वाचत होता.

मी विचारलं, "वहिनी, हा शब्द या घरात कुठून आला?"

"अहो, मी आपलं स्वच्छतेचं म्हणतेय."

"मग मळकी म्हणा. मळकं धुतलं की जातं. उष्टं धुतलं तरी जात नाही, त्यासाठीच तो शब्द काढलाय लोकांनी. आपल्यासाठी."

"तुम्ही कुठली गोष्ट कुठे नेता! एका शब्दाचं एवढं काय?"

"एवढं काही नाही, तर मागे घ्या."

दादाने पेपरचं पान उलटलं. भाची उठून आत गेली. वहिनी हसली, ऑफिसात एखाद्याचा अर्ज परत करताना हसत असेल तशी. "बरं बाई. धुऊन आणा. एक डाग दिसला नाही तर दारात उभी करू."

"आणि शब्द?"

"तोही मागे घेईन. झालं समाधान?"

सौदा झाला. मला आता जोडी दारात उभी करण्यातही तेवढा रस उरला नव्हता. मला तो शब्द तिच्या तोंडून परत हवा होता, भाचीच्या समोर आणि दादाच्या समोर.

अडचण अशी की त्याच आठवड्यात नवरी बदलापूरच्या एका लग्नाहून आली होती, आणि तिच्या कपाळावर चार आण्याएवढं हळदकुंकू होतं. लग्नाला आठ दिवस.

घरी आले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. वहिनीचा शब्द दातात धरून मी नवरीचं डोकं उसवलं, कापूस काढला आणि कपाळावर कपड्याचा साबण घासला. घासल्यावर आठवलं. हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे लुगडी धुणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत असतं. मी स्वतः कितीतरी जणींना त्यावरून अक्कल शिकवली होती. बघता बघता चार आण्यांचा डाग भुवयांपर्यंत पसरला. नवरी अशी दिसत होती की कोणीतरी तिच्या डोक्यात दगड घातलाय.

माझा नवरा म्हणाला, "आता गं?"

"आता तोंड मिटा आणि लिंबं आणा."

लिंबू पिळलं तसा लाल रंग पिवळा झाला. पुढचं काम उन्हाचं. हळद कशालाही दाद देत नाही, फक्त उन्हाला देते. चाळीच्या गच्चीवर दोरी बांधून मी ते नुसतं तोंड वाळत घातलं, रोज सकाळी ओलं करायचे आणि ऊन फिरेल तसं फिरवायचे. शेजारणी कपडे वाळत घालायला यायच्या आणि दचकायच्या. एक म्हणाली, "कुणाचं गं मुंडकं?" मी म्हणाले, "अजून ठरायचंय."

पाचव्या दिवशी पिवळं गेलं. राहिला तो मधला मसुरीएवढा ठिपका. खरं कुंकू असतं तर तेही हळदीबरोबर गेलं असतं. पण हॉलवाले स्वस्तातली डबी ठेवतात, त्यात नुसता रंग. रॉकेल लावलं, सोडा लावला, दही लावलं. ठिपका तसाच, वहिनीसारखा हसत.

सातव्या दिवशी मी वस्तरा घेतला. ठिपक्याचं कापड गोल कापून काढलं. नवरीच्या पाठीवर ब्लाउजच्या आत कोणाचा हात कधी पोचला नव्हता, तिथली लव कोरी होती. तिथून तेवढाच तुकडा काढला, आतून बारीक टाके घालून कपाळात बसवला, ब्रशने लव मिळवून घेतली. मलाच नंतर जागा सापडेना.

आता कोणी म्हणेल, सौदा धुण्याचा होता आणि तू कापलंस. म्हणा. बोलणं "एक डाग दिसला नाही तर" असं झालं होतं. दिसण्याचं ठरलं होतं, दिसला नाही. मी शब्द मोजून घेते, कारण मला कोणी फुकट दिलेले नाहीत.

लग्नाच्या सकाळी टेम्पोतून जोडी घेऊन मी हॉलवर गेले. नवरीला पांढरी साडी, काठ निळा, टोपाचा सैल अंबाडा, त्यावर मोगरा. वहिनी दारातच होती. चष्मा लावून तिने नवरी बघितली. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली, हाताचे पंजे उलटे करून बघितले. साडीचा पदर उचलायला लागली तेव्हा मी म्हणाले, "ते सासूला बघू दे." भाची नटून मागे उभी होती, ती फिसकन हसली.

"छान निघाली हो," वहिनी म्हणाली. चष्मा काढला. मी थांबले. ती म्हणाली, "पण दारात गर्दी होईल, नाही का? तिकडे हात धुवायच्या नळाजवळ उभी केली तर?"

"वहिनी, आपलं काय ठरलं होतं?"

"अहो ताई, आज मुलीचं लग्न आहे. आज तरी."

बघा कसं असतं. सौदा तिने मोडायचा आणि तमाशा मी करतेय असं दिसायचं. माझा आवाज चढला. केटररची माणसं बघायला लागली. तेवढ्यात दादा आला, एक शब्द न बोलता नवरीला कमरेत धरून उचललं आणि दाराच्या उजव्या अंगाला नेऊन ठेवलं. मग नवऱ्याला आणलं, डाव्या अंगाला. सुटाच्या बाहीवर लागलेली लव झटकली आणि आत गेला.

नातेवाईक आजही मला सांगतात, दादाने कशी बहिणीची बाजू घेतली. घेतली ना. बाहुली उचलली. दहा किलोची बाहुली उचलायला काय लागतं? एका वाक्याने त्याची जीभ मोडली असती का? "तो शब्द आपल्या घरात चालत नाही." सहा शब्द. आईचा मुलगा होता तो.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. साहेबलोकांनी दारातल्या माझ्या नवरीबरोबर फोटो काढले. वहिनीनेही काढला. मी जेवून आले, दोन जिलब्या जास्त खाल्ल्या. उपाशी राहून आपलंच नुकसान करणाऱ्यांतली मी नाही.

तीन वर्षांनी वहिनीच्या मुलाचं लग्न ठरलं. दादा घरी आला, चहा घेतला, बराच वेळ पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ती विचारत होती, आपली जोडी मिळेल का."

"आपली?"

"म्हणजे तुझी."

"मिळेल. धुऊन, वेणी घालून, टेम्पोसकट मिळेल. तिला सांग, माझ्या दारात यायचं आणि तो शब्द परत न्यायचा. माझ्याकडे पडून आहे तो."

"इतक्या वर्षांनी? तिच्या लक्षातसुद्धा नसेल गं."

"तिच्या नसेल. तुझ्या आहे ना?"

तो चप्पल घालताना खाली बघत होता. त्याच्या लक्षात होतं. तो तिला सांगणार नव्हता, हेही मला तेव्हाच दिसलं.

वहिनी आली नाही. लग्नाला मी गेले, आहेर केला. हॉलच्या दारात थर्माकोलचे दोन मोर होते, एकाची चोच मोडलेली.