भाड्याचे भाऊबंद

आमच्या धंद्याला तेव्हा जळगावात धड नावसुद्धा नव्हतं. मंडपवाला मंडप टाकायचा, आचारी स्वयंपाक करायचा, बँडवाला वाजवायचा. पण या सगळ्यांना एका दोरीत बांधून लग्न पार पाडायचं, पाहुण्यांना वाढायचं, रुसलेल्याला मनवायचं, हे काम भाऊबंदांचं. तेच काम मोबदला घेऊन करणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि आई, पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांतून. लोक आम्हाला 'ठेकेदारीण मायलेकी' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी कधी मोजलं नाही.

आईच्या हातात मांडे होते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढा मोठा आणि पातळ करायचा की कोपरापर्यंत लोंबावा, आणि मग तो अलगद उपड्या खापरावर टाकायचा. कितीतरी बायका करतात, पण आईचा मांडा फाटलेला मी आयुष्यात पाहिला नाही. वडील गेल्यावर वीस वर्षं ती लोकांच्या घरी मांडे करत होती आणि खण-नारळ घेऊन परत येत होती. पंगतीत नाव व्हायचं ते यजमानीणबाईंचं. म्हणून तर मी हा धंदा काढला. आईला दुसरं काही नको होतं. हे मांडे या बाईचे, एवढं चार लोकांनी बोलावं. धंद्यालाही तेच हवं होतं, कारण जेवून उठलेला माणूस हीच आमची जाहिरात.

अशात एक डाळमिलवाले आबा आमच्याकडे आले. मुलीचं लग्न धुळ्याकडच्या एका मोठ्या घरात ठरलं होतं. व्याह्यांनी बाकी काही न विचारता एकच चौकशी केली होती, भाऊबंदकी कशी आहे? आबांनी छाती फुगवून उत्तर दिलं होतं, "बठ्ठा एकजीव शेतस." सगळे म्हणे एकजीव! प्रत्यक्षात शेताच्या बांधावरून सातही चुलतघरांशी आबांचं बोलणं बंद होतं. लग्नाचं पातेलं उचलायलाही कोणी येणार नव्हतं. आणि लग्न ठेक्याने दिलंय हे धुळ्याला कळलं, तर सोयरीक मोडणार, याची आबांना खात्री होती.

म्हणून त्यांची योजना अशी: आमची माणसं भाऊबंद होतील. वाढपी चुलतभाऊ, आई चुलतबहीण, मी भाची.

"आणि हे कुठे बोलायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही," आबा म्हणाले. "तसा कागद करू."

मी म्हटलं, "आबा, आमच्या कामाचं नावच झालं नाही तर पुढचं काम कोण देईल?"

"मी आहे ना!" ते म्हणाले. मोठ्या माणसाचं 'मी आहे ना' ऐकलं की लहान माणसाने आपली चप्पल शोधावी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढं मोठं लग्न आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. मी हो म्हटलं.

गुप्ततेचा करार करायला आम्ही गेलो कुठे, तर भर दुपारी कोर्टाच्या आवारात! मुद्रांक विकणाऱ्याने रजिस्टर उघडून विचारलं, "कशासाठी?" आबा हळूच म्हणाले, "गुप्त आहे." त्याने मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं, "गुप्त कामासाठी." लिंबाखालच्या टाइपरायटरवाल्याला कमी ऐकू यायचं. त्यामुळे आबांना प्रत्येक ओळ ओरडून सांगावी लागली आणि तो ती ओरडूनच परत वाचायचा. "लिहून देणार यांची माणसे लिहून घेणार यांचे चुलतभाऊ म्हणून वावरतील!" शेजारच्या टेबलावर वारसाची भांडणं लिहून घ्यायला आलेली माणसं आपली भांडणं विसरून आमच्याकडे सरकली. शेवटी दोन साक्षीदार लागतात म्हटल्यावर आबांनी त्यातलेच दोघे धरले. त्यांनी कागद नीट वाचला, एकाने तर एक शंकाही काढली, आणि मग सह्या केल्या. खाली नेहमीचं वाक्य होतं, की हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून देत आहे. त्याखाली सही माझी.

संध्याकाळी आमचा भाजीवाला मला म्हणाला, "काय ताई, आबांची भाची झाली म्हणे तू?"

लग्नात आमच्या माणसांनी नातं झकास निभावलं. एका वाढप्याच्या तोंडून सवयीने "शेठ" निघून गेलं, तेव्हा आबांनी व्याह्यांसमोर सावरून घेतलं, "लहानपणापासून चेष्टेखोर आहे तो." आणि खरे भाऊबंद? तेही आले! काम करायला नाही, जेवायला. सातही घरं पहिल्या पंगतीला, फेटे बांधून. आम्ही कोण हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण आम्ही भाड्याचे म्हटलं असतं तर तुम्ही कुठे होता, असा प्रश्न आला असता. म्हणून तेही आमच्या वाढप्यांना 'दादा, भाऊ' म्हणत रस मागत होते. तेरी भी चूप, मेरी भी चूप. गावाला माहीत, कोर्टाला माहीत, भाऊबंदांना माहीत. सांगायची बंदी फक्त आम्हाला.

व्याह्यांच्या पंगतीला आईचे मांडे होते. तसे तिने पुन्हा कधी केले नाहीत. नवऱ्या मुलाची आजी पंगतीतून उठून मागच्या चुलीपर्यंत आली.

"ह्या मांडा कोना हातना शेतस वो माय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मी त्यासनी चुलत बहीण शे," आई म्हणाली, आणि पुढचा गोळा हातावर घेतला.

सोयरीक टिकली. मुलगी सुखात नांदली, त्याचं मला खरंच बरं वाटतं. आबांनी मात्र नंतर आम्हाला एकही काम मिळवून दिलं नाही. देणार कसं? आमची ओळख करून द्यायची तर आम्ही कोण ते सांगावं लागलं असतं.

दोनेक वर्षांनी धुळ्याहून एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्याकडे लग्न होतं. "मांडे करता का?" त्यांनी विचारलं. "आमच्या पुतण्याच्या लग्नात खाल्ले होते, जळगावला, मिलवाल्यांकडे. त्यांच्या कोणी चुलत बहिणीने केलेले. तसे पाहिजेत."

आईने खापर चुलीवर ठेवलं. त्यांनी दोन मांडे खाल्ले, तिसरा अर्धा घेतला, हात पुसले.

"चांगले आहेत," ते म्हणाले. "पण त्या बाईच्या हाताची चव नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं आलं होतं. आई माझ्या आधी बोलली. "घरच्या माणसाची सर भाड्याच्या माणसाला कुठून येणार?" तिने त्यांना पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडायला गेली.

काम त्यांनी दुसरीकडे दिलं. त्या दिवशी मी आबांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या, आजही घालते. पण आई परत आत येऊन उरलेला अर्धा मांडा खायला बसली, तेव्हा तिच्याकडे मान वर करून बघणं मला जमलं नाही. कारण कागद आबांचा असला तरी आईचं नाव मी लिहून दिलं होतं, राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने.