साक्षीदाराला इंग्रजी लागत नाही

"तुराट्यांच्या कुडाला घर म्हणतात का हो बाई?"

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा बैठकीतली सगळी पोरं हसली. वकीलसाहेबही हसले. मी उभी होते. हसले नाही. रडलेही नाही. उत्तर दिलं, "आमी राहत होतो. म्हणून घर."

परत हशा.

हे कोर्ट नव्हतं. परभणीत वकीलसाहेबांच्या घरची बैठक होती. साहेब आमच्या लॉ कॉलेजात शिकवायचे, आणि परीक्षा जवळ आली की शेवटच्या दोन वर्षांच्या पोरांची दर रविवारी घरी फुकट तयारी करून घ्यायचे. त्या बैठकीत बसलेला पोरगा पास होतो, असं अख्खं कॉलेज म्हणायचं. कारण पुस्तकं तिथं होती. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कपाटं होती, पुस्तकं नव्हती. शिवाय सनद मिळाल्यावर एखाद्या सीनियरनं हाताखाली घ्यावं लागतं. तो सीनियरही तिथंच भेटणार होता.

म्हणून मी पूर्णेहून गाडीनं यायचे आणि दाराजवळच्या सतरंजीवर बसायचे.

साहेब सराव-कोर्ट भरवायचे. कुणी न्यायाधीश, कुणी सरकारी वकील, कुणी आरोपीचा वकील. उभं राहून इंग्रजीत मांडायचं, चुकलं की साहेब दुरुस्त करायचे. त्यातूनच कलमं पाठ व्हायची, पेपरात लिहिता यायची. मला मात्र एकदाही वकील केलं नाही. दरवेळी साक्षीदार. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझी बोली गावाकडची. साक्षीदाराला इंग्रजी लागत नाही. तुझ्या सोयीचंच बघतोय मी."

माझी सोय. मी दोन वर्षं साक्ष देत राहिले. चोरीची, मारामारीची, शेताच्या बांधाची. बाकीचे वकील होत गेले.

त्या रविवारी साहेब म्हणाले, "आज जळिताचा खटला. आपल्याकडचा जिवंत विषय आहे." मी मनाशी म्हटलं, आज तरी मला सरकारी वकील करतील. घर जाळण्याचं कलम चारशे छत्तीस मला केव्हापासून इंग्रजीतून पाठ होतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तू साक्षीदार. तुला तर यात काही पाठ करायचीही गरज नाही."

त्यांना माहीत होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या गावात आमची वस्ती पेटवली. मी तेव्हा शाळेत होते. गाव सोडून आम्ही पूर्णेला आलो, वडील रेल्वेत हमालीला लागले. हे सगळं मीच साहेबांना सांगितलं होतं. प्रवेशाच्या वेळी. विश्वासानं.

आरोपीचा वकील झालेला अनिल एका बागायतदाराचा मुलगा. त्याला गंमत वाटत होती.

"दाराला कुलूप होतं?"

"न्हाई."

"आत मौल्यवान काय होतं?"

"ज्वारी."

"आरोपीला ओळखलं म्हणता. अंधार नव्हता का?"

"घर पेटल्यावर अंधार कुठला राहतोय?"

साहेबांनी टेबलावर टिचकी मारली. "साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलायचं."

संशयाचा फायदा. आरोपी निर्दोष. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि पोहे आले. साहेब खूश होते. "साक्ष अगदी नैसर्गिक झाली. पुढच्या आठवड्यात कॉलेजात निवृत्त जज्जसाहेब येतायत. त्यांच्यासमोर हाच खटला करू."

घरी आले. भाकरी उतरेना. आईनं विचारलं, "काय झालं गं? तोंड कशापायी पाडायलीस?"

सांगितलं. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "दे साक्ष. खोटं थोडंच हाय? त्यायची पुस्तकं हायती, तुझी न्हाईत. पास हो. मंग बोल काय बोलायचं ते."

आईचं खरं होतं. परीक्षा महिन्यावर आली होती. पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक साहेबांच्या कपाटाशिवाय मला कुठंच मिळणार नव्हतं. आठवडाभर मी स्वतःला समजावत राहिले. घर एकदा जळालंय, अजून एकदा जळालं तर काय बिघडतं?

कॉलेजचा हॉल भरला होता. माझा पुकारा झाला. मी पिंजऱ्यात गेलेच नाही. सरकारी वकिलाच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले.

"साहेब, मी आज साक्षीदार होणार न्हाई. सरकारतर्फे मी बोलते. मला कलम पाठ हाय."

साहेब हळूच म्हणाले, "तमाशा करू नकोस. आधी नीट मराठी बोलायला शिक, मग वकिली कर."

मी म्हटलं, "या मराठीत माझी साक्ष चालते, साहेब. मंग वकिली का चालत न्हाई?"

निवृत्त जज्जसाहेब चष्मा पुसत राहिले. साहेबांनी अनिलला खूण केली, त्यानं दुसऱ्या एका पोराला साक्षीदार केलं आणि खटला पुढं चालू झाला. मी तिथंच उभी. कुणी बाहेर काढलं नाही, कुणी बसही म्हटलं नाही. संपल्यावर साहेब जाताजाता म्हणाले, "रविवारी येऊ नकोस."

गेले नाही. पुस्तक मिळालं नाही. पुराव्याच्या पेपरात मी नापास झाले. अनिल पास झाला, साहेबांनी त्याला हाताखाली घेतलं. माझ्या हातात गुणपत्रिका आली, तिच्यावर विद्यापीठाचं जुनंच नाव. नामांतरासाठी केलेले माझे सत्याग्रह, माझी पत्रकं, मी घसा फोडून दिलेल्या घोषणा, कशानंच ते नाव बदललं नव्हतं. त्या दिवशी मी रेल्वेच्या पुलावर बराच वेळ थांबले होते. का थांबले होते ते लिहीत नाही.

खाली उतरले.

आता पूर्णेत विहाराच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं बसतो. पाथरीचा एक, राणीसावरगावचा एक, रेल्वेतल्या खलाशाची पोरगी आणि मी. पुराव्याच्या कायद्याचं फाटकं पुस्तक नांदेडच्या रद्दीतून आणलंय, मधली पानं नाहीत. ती पाथरीवाला बसनं औरंगाबादला जाऊन तिथल्या लायब्ररीतून हातानं उतरवून आणतो. एक जण कलम वाचतो, बाकीचे अडवतात. उच्चार चुकतात. लई चुकतात. दुरुस्त करायला कुणी नाही. आपण पास होऊ याची खात्री आमच्यातल्या एकालाही नाही. खोटा धीर देणारं पत्रक लिहायचं मी सोडून दिलंय.

पण मी पेपर पुन्हा देणार आहे. नापास झाले तर पुन्हा देईन. सनद घेईन. मला कुणी सीनियर हाताखाली घेणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग सीनियरशिवाय कोर्टाच्या आवारात टेबल टाकीन. आणि तिथं जो कुणी आपलं जळालेलं घेऊन येईल, त्याच्या वतीनं बोलायला मी उभी राहीन. याच बोलीत. ज्याला समजत नसेल त्यानं ती शिकून यावं.