आत्याची हाळी

माझ्या आत्याला मी घशाच्या गोळ्या आणून दिल्या.
तिच्या घशाला काहीही झालेलं नव्हतं. आणि ते मला माहीत होतं.

आज आत्याचा तेरावा.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शहागडच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या रानात मेंढ्या चारणारी, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी शिव्या घालून मग चहा पाजणारी बाई, ती माझी आत्या.

तिची हाळी सगळ्या शिवाराला ठाऊक होती. कळप रोडकडे सरकायला लागला की ती बांधावर बसल्या जागेवरून एकदाच ओरडायची, "ह्योऽऽ बायांनोऽऽ!"
सगळ्या मेंढ्या माना वर करून माघारी फिरायच्या. हातातली सुपारी कातरणं सुद्धा थांबायचं नाही तिचं.

मी पीएचडीला विषयच तो घेतला. मेंढ्या आपल्या माणसाचा आवाज कसा ओळखतात, आणि ओळखल्यावर काय करतात.

"आत्या, तुझा आवाज रेकॉर्ड करायचाय."
"डब्यात भरतीस व्हय? भर बाई. पण थांब, जरा तोंड धुऊन येते."

आवाजासाठी तोंड धुणारी माझी आत्या.

बाभळीला स्पीकर बांधला. आत्याला कपाशीच्या आड बसवलं आणि बटण दाबलं. मेंढ्या धावत आल्या, स्पीकरखाली गोळा झाल्या आणि आत्याला शोधत इकडेतिकडे बघत राहिल्या. आत्या तोंडात पदर कोंबून हसत होती.
"येड्या गं माझ्या बाया!"

मी रोज वाजवत राहिले.
आवाज यायचा, पण आत्या नसायची.

आवाजामागे काहीच नाही असं पुन्हा पुन्हा झालं की जनावर त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडून देतं. आम्ही त्याला हॅबिट्युएशन म्हणतो. आधी सगळा कळप यायचा. मग अर्धा. मग मोरी नावाची एक काळी मेंढी तेवढी मान वर करायची. शेवटी तीही चरत राहिली.

ग्राफ इतका देखणा उतरत गेला की सरांनी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. मी पेढे वाटायचेच बाकी होते.

हे स्पीकरपुरतंच राहील असं मी धरून चालले होते.
राहिलं नाही.

"पुजे, माझा घसा बसला का गं? बाया ऐकूनच न्हाई राह्यल्या."

उपाय मला पाठ होता. आत्याने स्वतः हाळी द्यायची आणि जवळ येईल तिला मूठभर मका द्यायचा. थोड्या दिवसांत कळप परत तिचं ऐकायला लागला असता.
पण माझी काही रीडिंग बाकी होती. मका दिला असता तर ती बिघडली असती.

म्हणून मी म्हणाले, "हो आत्या, बसलाय थोडा. हवा बदललीय ना."
आणि जुन्या जालन्यातल्या एका मेडिकलमधून गोळ्या घेऊन आले.

तिने त्या इमानेइतबारे चघळल्या. मिठाच्या गुळण्या केल्या. ताक सोडलं. ज्या बाईला ताकाशिवाय भाकरी उतरत नव्हती, तिने ताक सोडलं.

फोनवर विचारायची, "आता बराबर वाटतो का गं आवाज?"
"वाटतो आत्या."

रीडिंग संपली. मग थीसिस आला. मग सबमिशन.
"एवढं झालं की येते आत्या. राहायलाच येते."

इकडे बांधावर बसून कळप राखणारी बाई कळपामागे पळायला लागली होती.

त्या दुपारी मेंढ्या रोडकडे निघाल्या. शेजारच्या रानातले लोक सांगतात, तिने दोन-तीनदा हाळी दिली. मग पळाली. मेंढ्या वळवल्या आणि रोडच्या कडेला खाली बसली, ती बसलीच.
डॉक्टर हार्ट म्हणाले. वय झालं होतं, असं सगळे म्हणतात. मीही मान हलवते.

मेंढ्या सगळ्या सुखरूप आहेत.

तिच्या चंचीत सुपारीशेजारी माझ्या गोळ्या निघाल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. कळप आता बिरूदादाकडे, म्हणजे आत्याच्या मुलाकडे आलाय. तो आजवर एमआयडीसीतल्या मिलमध्ये कामाला होता, मेंढ्या त्याला काही दाद देईनात. मी म्हटलं, "दादा, रोज तू हाळी दे, आणि येईल तिला मका दे."

आज पाहुणे गेल्यावर तो बांधावर उभा राहिला आणि ओरडला. आत्यासारखा नाही, त्याच्या त्याच्या आवाजात.
मोरीने मान वर केली.
मग सगळा कळप वळला.

"आल्या बघ! किती जल्दी शिकल्या!" दादा रडत होता आणि हसतही होता.
मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं. रागाने नाही, अगदी साधं.
"इतकं सोपं होतं, मंग मायला का न्हाई सांगितलं गं?"

मक्याची पाटी उचलून मी घराकडे निघून आले.

दादा, वर लिहिलंय ते त्याचं उत्तर आहे. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून इथे, या पोस्टमध्ये, सगळ्यांच्या समोर. तू हे वाचशील तेव्हा मी आतल्या खोलीत असेन. जा म्हणालास तर निघेन.

आत्या, पाया पडते.
तुझा घसा बसला नव्हता गं.
शेवटच्या दिवसापर्यंत आवाज खणखणीत होता.