चाचीची गादी

हजला जायचं आमच्या जवळा बाजार गावच्या घरी पहिल्यांदा ठरलं, तेव्हा मोठी लढाई सुरू व्हायची होती आणि मी अकरा-बारा वर्षांची असेन. जाणारे चौघं होते. माझे अब्बा, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी फुपी, आणि समोरच्या घरातले पिंजारी चाचा-चाची. चाचा कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. चाची फुपीची लहानपणापासूनची मैत्रीण. चौघांपैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता.

दर जुम्म्याला नमाजनंतर ते आमच्या अंगणात बसत. जहाजाची तिकिटं मिळवून देणारा एक दलाल हिंगोलीहून येऊन सगळं समजावून गेला होता. मुंबईला मुसाफिरखान्यात उतरायचं, सुया टोचून घ्यायच्या, आणि जहाजावर चढताच डेकवर अंथरूण टाकून जागा धरायची. तिथं जागा कुणी नेमून देत नाही. ज्याचं अंथरूण, त्याची जागा. हे ऐकून चाचांनी चार पातळ गाद्या भरायला घेतल्या. चाचीनं आपल्या गादीसाठी लाल-हिरव्या पट्ट्यांचं कापड स्वतः निवडलं. जहाज हलतं, ओकाऱ्या होतात, असंही दलाल म्हणाला होता. तेव्हापासून फुपी आणि चाची दुपारी आमच्या झोपाळ्यावर डोळे मिटून बसायच्या आणि मला जोरात झोके द्यायला लावायच्या. फुपीला मळमळायचं. चाचीला हसू आवरायचं नाही.

चाची भ्याली ती एकाच गोष्टीला. वाटेत कुणी मेलं तर काय करतात, असं फुपीनं दलालाला दाराआडून विचारलं. नमाज पढून पाण्यात सोडतात, तो म्हणाला. त्या दिवशी चाची जेवली नाही. पुढच्या जुम्म्याला बोलणी चालू असताना ती मध्येच चाचांना म्हणाली, "मला कायबी झालं तर पाण्यात टाकू देऊ नका. मला माती पाहिजे. जबान द्या."

चाचा जरा ओशाळले, अब्बांकडे बघून म्हणाले, "दिली."

मग लढाई लागली. हाजींची जहाजं कधी सुटायची, कधी नाही, आणि समुद्रात जहाजं बुडवतात अशा बातम्या यायच्या. अब्बांनी बेत पुढं ढकलला. लढाई चालू असतानाच चाची तापानं गेली. गावाच्या कबरस्तानात तिला दफन केलं. चाचांवर दिलेला शब्द पाळायची वेळच आली नाही, असं आम्हाला तेव्हा वाटलं.

लढाई संपली आणि पुन्हा जहाजांची बातमी आली. तोवर माझं लग्न होऊन नवराही वारला होता, मी माहेरी परतले होते. चौथ्या माणसाच्या जागी मला न्यायचं अब्बांनी ठरवलं आणि ते चाचांना तसं सांगायला गेले. चाचा म्हणाले, पोरीला अवश्य न्या. पण चाचीची जागा चाचीचीच राहील, तिची गादी सोबत येईल. अब्बांनी वाद घातला नाही. दुःखी माणूस आहे, एक गादी जास्त झाली तर काय बिघडतं, असं ते घरी येऊन म्हणाले. फुपी मात्र घाबरली. कारण चाचा आता निघायच्या तयारीचं बोलताना "आमी दोघं" म्हणायला लागले होते.

एकदा फुपीनं मला त्यांच्याकडे भाकरी द्यायला पाठवलं. चाचीची गादी उसवलेली होती आणि चाचा तिचा कापूस नव्यानं पिंजत होते. खोलीभर तंतू उडत होते, त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी विचारलं, चांगली गादी काहून उसवली? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ती म्हनली, कापूस बसलाय म्हून." बाजारातून मीठ आणायला सांगावं तशा आवाजात. मी भाकरी ठेवली आणि पळत घरी आले.

जहाजावर जिन्याजवळ आम्हाला जागा मिळाली. चार गाद्या टाकल्या आणि त्यांच्या शेजारी पाचवी, लाल-हिरव्या पट्ट्यांची. डेकवर माणसाला पाय लांब करायला जागा नव्हती. रिकामी गादी बघून लोक यायचे, चाचा हात आडवा करायचे. कुणाची आहे विचारलं की म्हणायचे, येऊन राहिली. अब्बा शरमून दुसरीकडे बघायचे. आणि मी, खरं सांगते, दोन-तीन दिवसांत त्या गादीकडे पाठ करून झोपायला लागले.

आमच्या पलीकडे एक बाई उघड्या लोखंडावर तापानं पडून होती. सोबतचा म्हातारा तिच्याइतकाच आजारी. कुठल्या मुलखातली होती कळलं नाही. तिची बोली डेकच्या त्या भागातल्या कुणालाच समजत नव्हती. चाचा वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, गेलेले असताना फुपीनं मला हाताशी घेतलं आणि आम्ही दोघींनी तिला उचलून चाचीच्या गादीवर ठेवलं. आता काय होतंय म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. चाचा आले. मग खाली बसले आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिला पाजलं.

त्यानंतर ते तिच्यापासून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे बघून पुनःपुन्हा काहीतरी म्हणत होती. दोनच शब्द होते, तेच तेच. चाचा तिच्यावर वाकून म्हणाले, "व्हय. दिली न्हवं जबान."

फुपीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

सकाळी ती बाई गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, कफन दिलं, नमाज झाली. खलाशी फळी घेऊन आले तसे चाचा आडवे बसले. पाण्यात टाकू नका, म्हणाले, जमीन येईपर्यंत थांबा. खलाशांना थांबता येत नव्हतं. अब्बा चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, ही ती न्हाई."

"मला ठाऊक हाय. पर हिनंबी तेच मागितलं."

"हिची बोली आपल्याला समजत न्हाई."

"मला समजली," चाचा म्हणाले.

अब्बांनी आणि आणखी दोघांनी त्यांना धरून बाजूला केलं. फळी कलली. आवाज फार मोठा झाला नाही. मग चाचा सुटले, गादी उचलली आणि कठड्यावरून तिच्यामागं टाकली. गादी लगेच बुडाली नाही. जहाज पुढं जात होतं आणि ते पट्टे पाण्यावर मागं मागं राहत होते. फुपीनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले.

हज चाचांनी नीट केला. आमच्यासोबत राहिले, जेवले, कुणाला तकलीफ दिली नाही. परत निघायचं ठरल्यावर मात्र ते मक्केतून हलेनात. अब्बांनी समजावलं, हातापाया पडले. "तिच्यावरून जहाज न्यायचं?" ते म्हणाले. "तुमी जा भाई. मी न्हाई." एका गादीवाल्याकडे त्यांनी आधीच काम धरलं होतं. परतीच्या जहाजावर फुपी एकदाही कठड्याशी गेली नाही. वजूला समुद्राचं पाणी उपसून आणलं तर तिनं मला आधी बालदीत बघायला लावलं. काय बघायचं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गावात विचारणाऱ्यांना अब्बा एवढंच सांगायचे, त्यांचं मन तिकडं रमलं.

पुढच्या वर्षी वसमतचा एक हाजी परत आला आणि मुद्दाम आमच्याकडे येऊन गेला. चाचा त्याला भेटले होते. कापूसच पिंजतात, तब्येत बरी आहे, म्हणाला. त्यांनी अब्बांची चौकशी केली, फुपीची केली, माझी केली. एवढं सांगून तो माणूस घुटमळला. मग म्हणाला, शेवटी त्यांनी आपल्या घरवालीची खुशाली विचारली. समोरच्या घरात ती एकटीच आहे, म्हणाले, तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगा.

"मग तुमी काय सांगितलं?" अब्बांनी विचारलं.

"काय सांगणार? बऱ्या हायत म्हनलो."

"बराबर सांगितलं," अब्बा म्हणाले, आणि आतून फुपीनं विचारलं, पाहुण्यांना चहा चालेल का.