पश्चिमेचा गोठा

माझ्या सख्ख्या काकांना मी सहा वर्षं गोठ्यात ठेवलं. आजवर घराबाहेर कुठे बोललो नाही. आता लिहून टाकतो.

आमचं जुनं शेतघर कोकणात, खाडीतल्या बेटावर. बाबा रेल्वेच्या बदलीने जयपूरला आले आणि जवाहर नगरातच रुजले. दोन हजार दोनच्या सुमाराला वाटणीसाठी काका तीन गाड्या बदलून इथे आले. वाटणी चहा निवायच्या आत झाली.

"घर तुला, गोठा मला," बाबा म्हणाले.

"दादा, तू थोरला..."

"मी इथे बसून घराचं काय करू?"

नकाशा काढायचं माझ्याकडे आलं, कारण मी इथल्याच सोडाला भागात एका कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. (पगारही घेत असे.) घराचं तोंड पाण्याकडे, एवढं आठवत होतं. कोकणात पाणी पश्चिमेला, हे जयपुरात वाढलेल्यालाही ठाऊक असतं. म्हणून घर पश्चिमेला, गोठा पूर्वेला दाखवला आणि लिहिलं, 'पश्चिम भाग काकांचा'. बेटाला पाणी चारही बाजूंनी असतं, हे सुचलं नाही!

"चष्मा राहिला घरी," काका म्हणाले, "पण तू काढलायस म्हणजे बघायचं काय?" आणि सही केली.

पुढच्या मे महिन्यात बेटावर गेलो, तर काकू गोठ्यात भाकऱ्या थापत होती. गुरं आंब्याखाली. घराला कुलूप.

"तलाठ्याने कागद वाचला," काका म्हणाले. "पश्चिमेला गोठाच आहे. दादाचं मन बदललं असेल. त्याला विचारू नकोस, वाईट वाटेल."

मी विचारलं नाही. सांगितलंही नाही. भाकरी खाल्ली. काकू रोज घर झाडून, देवापाशी दिवा लावून गोठ्यात झोपायला जायची. मला मात्र घरात अंथरूण. "तुमचंच आहे," म्हणायची.

सहा वर्षांनी काका-काकू जयपूरला आली. कचोरी खाताना बाबा म्हणाले, "ओटीवरून खाडी दिसते का रे अजून?"

"तुझी ओटी. तूच येऊन बघ."

"माझी कशी?" बाबांनी विचारलं. माझा घास अडकला, आणि ठसक्याबरोबर सगळं बाहेर आलं.

"म्हणजे हा सहा वर्षं गोठ्यात?" बाबा.

"आणि तू सहा वर्षं लबाड," काका म्हणाले, "माझ्या मनात." दोघं हसत होते, डोळे पुसत होते.

नवा कागद करायचं ठरलं. मी पेन्सिल उचलली. काकांनी ती काढून घेतली आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दिली.

"आजोबा, मतलब... घराचं तोंड कुठे आहे?" तिने विचारलं.

"बघ," काका मला म्हणाले, "हिने विचारलं तरी."

नकाशा तिनेच काढला. मी पेन्सिलीला टोक करून दिलं.