दरडीच्या जागेवर

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत एक गवंडी आहे. कुणाच्याही घरी गेला, की बसण्याआधी भिंत बोटाने वाजवून बघतो. बोलणं मोजकंच.

दरडीखाली तीन घरं गेली, त्यात त्याची बहीणही. त्या जागेवर काय बांधायचं, यावरून ग्रामसभेत वाद पेटला. कोणी म्हणे स्मारक, कोणी सभागृह.

तो उठला. "खाली अजून पाच घरं आहेत. डोंगराला भिंत घाला."

"आणि गेलेल्यांची नावं?" सरपंचांनी विचारलं.

"त्याच भिंतीवर लिवा ना."

चिऱ्याची भिंत त्यानेच बांधली. नावंही त्यानेच रंगवली, फक्त बहिणीचं नाव दिसेना.

मला राहवेना. विचारलं, "तिचं कधी लिहिणार?"

"एक पावसाळा टिकू दे भिंत," तो म्हणाला, "मग लिवतो."